गाडी मिसिंग करते म्हणजे नक्की काय?

मंडळी, गेले पाच महिने आमची गाडी 'मिसिंग' करत होती. शब्द पुण्यातल्या गॅरेजमधला. इथे कॅलिफोर्नियात त्याला मिसफायर म्हणतात, पण गचका तोच.

गाडी म्हणजे १९९२ सालची माझदा मिआटा. दोन सीट, १.६ लिटरचं इंजिन, छप्पर हाताने मागे ढकलायचं. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा मी बिगरीत होतो. बायको तिला 'तुझं खेळणं' म्हणते आणि ते खोटं नाही.

तर झालं असं. थंड असताना गाडी शहाण्यासारखी चालायची. गरम झाली आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास गचके. एकदा फ्रीवेवर चढताना, मागून ट्रक येत असताना, ताकदच गेली. बायको काही बोलली नाही. (लग्न झालेल्यांना यातला धोका कळेल.) त्यात स्मॉग टेस्ट जवळ आलेली. इथे जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी ती द्यावी लागते. एक सिलेंडर नीट जळत नसेल तर कच्चं पेट्रोल धुराड्यातून बाहेर येतं आणि गाडी नापास. शिवाय तेच पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं तर तोही खलास.

गॅरेजवाल्याने पहिल्या फेरीत प्लग बदलले. दुसऱ्या फेरीत फ्युएल फिल्टर. तिसऱ्या वेळी म्हणाला, "कॉइल पॅक टाकून बघू." तोपर्यंत ४८० डॉलर गेले होते. त्या 'टाकून बघू'ने माझं डोकं फिरलं, कारण हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो. सर्व्हर अडकला? रिस्टार्ट करून बघू. मेमरी वाढवून बघू. चाललं तर चाललं, आणि का चाललं ते कुणालाच माहीत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: अंदाजाने पार्ट बदलणं याला दुरुस्ती म्हणू नये. तो जुगार आहे, आणि पैसे आपले. पण दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. त्याने "फक्त शोधायला दोन तास लागतील, त्याचे इतके" असं सांगितलं असतं तर मी तोंड वाकडं केलं असतं. हातात काहीतरी नवीन पार्ट पडला की बिल भरताना बरं वाटतं. आमचा क्लायंटही असाच. विचार करण्याचे पैसे द्यायला जिवावर येतं त्याच्या.

मग एका शनिवारी मीच बॉनेट उघडलं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-टू आहे, कोणत्या सिलेंडरमध्ये मिसफायर होतोय त्याचा कोड येतो. ही त्याआधीची, त्यामुळे लॉग फाइल नाही! जुन्या पद्धतीनेच जावं लागलं. इंजिन गरम करून चालू ठेवलं आणि एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघितलं. पहिला, दुसरा, चौथा काढला की इंजिन दबायचं, थरथरायचं. तिसरा काढला तर ढिम्म, जवळजवळ काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा आधीच झोपलेला.

इथे एक मजा आहे. या इंजिनात चार सिलेंडरना दोनच कॉइल. एक आणि चारला एक, दोन आणि तीनला दुसरी. एकाच वेळी दोन्ही प्लगना ठिणगी जाते, त्यातली एक वायाच जाते. आता कॉइल मेली असती तर तिसऱ्याबरोबर दुसराही रडला असता. दुसरा ठणठणीत होता. म्हणजे कॉइलवरचा संशय बराचसा गेला, आणि पार्ट न बदलताच! हे मला गॅरेजमध्ये कुणी का नाही सांगितलं? असो.

इंजेक्टरला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, टिक टिक चारही ठिकाणी सारखी. कॉम्प्रेशनही चारही सिलेंडरना जवळपास सारखं. उरली वायर. तिसरी वायर ओढून काढली तर तिचं रबरी बूट तेलाने माखलेलं, मऊ पडलेलं. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्या तळाशी तेल. आणि नव्या कोऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ.

सगळं जुळलं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळत होतं. तेलाने रबर कुजलं. जोर लावला की सिलेंडरमध्ये दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. आणि त्या विजेला कुजक्या रबरातून हेडमध्ये जायचा सोपा रस्ता सापडला होता. नवीन प्लग टाकताना तेल दिसलंच असणार. पण त्यांचं काम प्लग बदलायचं होतं, तेलाबद्दल विचारायचं नव्हतं.

लहानपणी बाबा स्कूटरचा प्लग काढून आधी त्याचा रंग बघायचे, मग पॉलिश पेपर मागायचे. मला वाटायचं टाइमपास करतायत.

वायरचा सेट, एक प्लग आणि गॅस्केट मिळून शंभर डॉलरच्या आत काम झालं. काल बायकोला घेऊन त्याच रॅम्पवरून गेलो, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण खाली. ती म्हणाली, "आवाज बदललाय का रे?" स्मॉग टेस्ट पुढच्या गुरुवारी. त्याआधी एकदा तिसऱ्या विहिरीत बॅटरी मारून बघणार आहे, कारण गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यात सीलंट लावताना माझा हात जरा थरथरला होता.