स्विचने कुणाचे ऐकायचे?

मोठा दवाखाना घ्या, कॉलेज घ्या किंवा महापालिकेचे कार्यालय. तिथल्या रॅकमध्ये लुकलुकणारे मोठे स्विच नुसत्या वायरी जोडून थांबत नाहीत. कुठल्या इमारतीत कुठल्या वाटेने जायचे हे ते आपसात बोलून ठरवतात. या बोलण्याच्या नियमांना राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात आणि संस्थेच्या आत बहुतेकदा ओएसपीएफ वापरला जातो.

ओएसपीएफवरचा स्विच साधारणपणे दर १० सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप पाठवतो. शेजाऱ्याकडून ४० सेकंद काहीच आले नाही, तर तो गेला असे धरून चालतो. पण निरोप पाठवणारा खरोखर कोण आहे, हे आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय तो तपासत नाही. प्रतीक्षा-कक्षातल्या भिंतीवरच्या सॉकेटला कुणी लॅपटॉप लावला आणि त्या पोर्टवर ओएसपीएफ चालू असेल, तर तो लॅपटॉप स्विचचा शेजारी बनू शकतो. जुळवायला लागणारे आकडे त्याच निरोपात उघडे लिहिलेले असतात. मग 'एक्स-रेच्या सर्व्हरची वाट माझ्याकडून जाते' असे त्याने सांगितले की बाकीचे स्विच मान डोलावतात. रुग्णांचे रिपोर्ट त्याच्या हातून जातील, नाहीतर कुठेच पोचणार नाहीत.

यावर ठरलेले उत्तर मिळते: "आतलेच नेटवर्क आहे, बाहेरचा येतो कुठून?" मला हे पटत नाही. दवाखान्यात तर दिवसभर बाहेरचीच माणसे असतात.

पहिला उपाय फुकटचा आहे. जिथे लोकांचे संगणक लागतात त्या पोर्टांवर ओएसपीएफ 'पॅसिव्ह' करा, म्हणजे तिथे शेजारी जमणारच नाही. दुसरा उपाय म्हणजे स्विच-स्विचमधल्या जोडण्यांवर ऑथेंटिकेशन लावणे. त्यात एक साधा पासवर्डचा प्रकार आहे, जेमतेम ८ अक्षरांचा. तो प्रत्येक निरोपाबरोबर उघडाच फिरतो, ऐकणाऱ्याला लगेच दिसतो. माझ्या मते तो नसलेला बरा, कारण तपासणीच्या कागदावर 'ऑथेंटिकेशन आहे' अशी टिकमार्क होते आणि सगळे निवांत झोपतात.

एमडी५ प्रकारात किल्ली वायरीवरून जातच नाही. निरोप आणि किल्ली मिळून काढलेला ठसा तेवढा जातो, सोबत क्रमांक असतो, म्हणून जुना निरोप पकडून पुन्हा पाठवणेही अवघड होते. एमडी५ मधले दोष २००४ मध्ये उघड झाले आणि २००९ पासून ओएसपीएफसाठी अधिक भक्कम एसएचए पद्धत प्रमाणित आहे. स्विचला ती येत असेल तर तीच लावा. जुना स्विच फक्त एमडी५ जाणत असेल तर तोही चालेल, उघड्या दारापेक्षा पुष्कळ बरा.

किल्ली बदलायला मात्र लोक घाबरतात, नेटवर्क बंद पडेल म्हणून. वास्तविक प्रत्येक किल्लीला क्रमांक असतो. जुनीच्या शेजारी नवी ठेवायची, सगळ्या स्विचवर ती पोचली की जुनी काढायची. तरीही किल्ली लावणारा माणूस नोकरी सोडून जातो आणि किल्ली वर्षानुवर्षे तीच राहते. शिवाय अडचण आली की अख्खे कॉन्फिगरेशन व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची खोड आहे. सिस्कोच्या स्विचवर 'टाइप ७' म्हणून झाकलेली किल्ली क्षणात उलगडता येते, हे टाकणाऱ्याच्या गावीही नसते.

ओळख पटली म्हणजे बोलणे खरे ठरले असे मात्र नाही. संस्थेबाहेरच्या इंटरनेटवर बीजीपी नावाचा प्रोटोकॉल चालतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान सरकारच्या आदेशावरून यूट्यूब बंद करताना पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांच्या गटातले २५६ पत्ते आपलेच असल्याचे जाहीर केले. ही घोषणा देशातच राहायला हवी होती. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूकडे गेली आणि तिथून जगभर पसरली. लहान गटाच्या घोषणेला मोठ्या गटापेक्षा प्राधान्य मिळते, म्हणून सुमारे दोन तास यूट्यूब ठिकठिकाणी बंद पडले. पीसीसीडब्ल्यूला समोरचा कोण हे पक्के ठाऊक होते, किल्लीने तिथे काहीच अडले नसते. अडवायला हवी होती ती गाळणी: या शेजाऱ्याकडून नेमके कोणते पत्ते ऐकायचे, याची यादी. आतल्या नेटवर्कमध्येही दुसऱ्या संस्थेची किंवा ठेकेदाराची लाइन येऊन मिळते, तिथे किल्लीच्या जोडीला ही यादी मागून घ्या, तीही लेखी.