पाण्याचा पारखी

पाणी नितळ दिसावें, गोड लागावें आणि त्यांत डाळ लवकर शिजावी, ही आपल्या घरांतील पाण्याची जुनी परीक्षा. फ्लुओराइड मात्र तिच्यांत सहज उत्तीर्ण होतें. अपाय करण्याइतकें असूनही त्यास रंग, वास वा रुचि नसते. मद्रास इलाख्याच्या नेल्लोर जिल्ह्यांत ताठरलेल्या कण्यांचें मूळ पिण्याच्या पाण्यांत असल्याचें सन १९३७ मध्यें डॉक्टरांनीं दाखविलें. आपल्याकडे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं गांवेंही या व्याधीनें पीडलेलीं आहेत. तिची पहिली खूण म्हणजे मुलांच्या दांतांवरील पिवळे-तपकिरी डाग. आणि घरांतील वडील मंडळी त्याबद्दल मुलांच्या आळसास बोल लावतात!

हें फ्लुओराइड ओळखतें तेंही एक फ्लुओराइडच. लँथॅनम हा दुर्मिळ मृत्तिकांच्या गणांतील धातु. सिरियमच्या आड दडलेला हा धातु स्वीडनच्या मोसांदर यांनीं १८३९ सालीं हुडकला, म्हणून दडून राहणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नांव मिळालें. ‘दुर्मिळ’ हें विशेषण फसवें आहे. भूकवचांत तो शिशापेक्षां अधिक असून केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूंतही सांपडतो. त्याचें फ्लुओराइड पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, आणि वितळावयास सुमारें १,५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. अवरक्त किरणांच्या भिंगांवरील लेपांत व विशेष कांचांत तें वापरतात. पण आम्हांस त्याचा खरा गुण निराळाच वाटतो.

या स्फटिकांत थोडें युरोपियम मिसळलें कीं आंत रिकाम्या जागा पडतात, व फ्लुओरीनचे विद्युद्भारित कण एका जागेवरून दुसरीकडे सरकूं लागतात. इतरांस तेथें सोंवळ्याच्या स्वयंपाकघराप्रमाणें मज्जाव! अमेरिकेंतील फ्रँट व रॉस यांनीं १९६६ सालीं या गुणावर इलेक्ट्रोड बनविला. फ्लुओराइड दसपट वाढलें कीं विद्युद्दाब सुमारें ५९ मिलिव्होल्टनीं बदलतो. त्यापूर्वीं पाण्याचें ऊर्ध्वपातन करून रंगाच्या छटा ताडीत बसावें लागे. आज पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळांपासून दंतमंजनाच्या कारखान्यांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

भारतीय मानकानुसार लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लुओराइड ठीक. दुसरी सोय नसल्यास १.५ पर्यंत चालतें. येथें गृहिणींनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, फ्लुओराइड जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. तें काढण्यास नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनें तुरटी व चुना यांची ‘नलगोंडा’ पद्धति बसविली. मौज अशी कीं, तुरटींतील अॅल्युमिनियम फ्लुओराइडला असें कवटाळतें कीं स्फटिकालाही तें दिसेनासें होतें. म्हणून मोजणीपूर्वीं नमुन्यांत तें सोडविणारें द्रावण घालतात. त्याच द्रावणानें पाण्याची आम्लताही बेताची राखतात, कारण अल्कधर्मी पाण्यांतील हायड्रॉक्साइड तेवढें या सोंवळ्यांत शिरूं शकतें.

एकाच गांवांत उथळ विहिरीचें पाणी निर्दोष आणि शेजारच्या खोल विंधणविहिरीचें सदोष असूं शकतें. तेव्हां प्रत्येकीचा नमुना वेगळा घ्यावा, आणि तो कांचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलींतून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे धाडावा.