आधी बैलाचे पाय

तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात भातखाचरांची चिखलणी सुरू झाली की पावसाच्या धारांत माणूस धड दिसत नाही. ऐकू येते ते त्याचे बैलाशी चाललेले बोलणे. ‘हां राजा, वळ आता.’ औत सुटले की तो आधी बैलाचे पाय धुतो, मग स्वतःचे.

या अंकाचा विषय ठरवताना हेच दृश्य डोळ्यांपुढे होते. माणूस आणि जनावर यांच्यावरचा सिनेमा म्हटले की अनेकांना ‘हाथी मेरे साथी’ (१९७१) आठवतो. त्यातला रामू हत्ती मालकासाठी जीव देतो. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ने (२००८) प्रश्न उलटा केला: जनावरासाठी माणूस काय देणार? गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरची. छोट्या टिंग्याचा लाडका चितंग्या बैल जायबंदी होतो, त्याच्या कर्जबाजारी बापाला तो विकण्यावाचून गत्यंतर नसते. आजारी आजीची सेवा करता, मग बैलाची का नाही, हा पोराचा सवाल. त्याला मोठ्यांकडे उत्तर नाही. टिंग्या साकारणाऱ्या शरद गोयेकरला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बाप इथे खलनायक नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण. मायेला हिशेब असतो, हे शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक?

खाचरात आता पॉवर टिलर फिरतो. काम लवकर उरकते. पण वळताना ‘राजा’ कोणाला म्हणायचे?