स्टिंगर श्रेष्ठ कीं इग्ला?

दिवाणखान्यांत संगणकापुढें बसलेले दोन चुलत भाऊ ‘स्टिंगर’ आणि ‘इग्ला’ यांवरून हमरीतुमरीवर आले, म्हणजे घरांतील वडील मंडळी ‘बंद करा तो खेळ’ एवढेंच बोलून मोकळी होतात. ‘वॉर थंडर’ नांवाच्या या खेळाचें आम्हांस कौतुक आहे असें नाहीं. मध्यरात्रीपर्यंत चालणारा कोणताही खेळ आम्हांस रुचत नाहीं. तथापि त्या भांडणांत दडलेला प्रश्न टाकाऊ नव्हे, आणि तो समजून न घेतां मुलांस गप्प करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

‘गैजिन’ या कंपनीनें काढलेला हा खेळ रणगाडे, विमानें व जहाजें यांच्या लढाईचा आहे. विमानें रणगाड्यांवर झेपावतात, व त्यांस पाडण्यासाठीं कमी पल्ल्याचीं क्षेपणास्त्रें खेळाडूंच्या हातीं असतात. अमेरिकेच्या एलएव्ही-एडी व जर्मनीच्या ओझेलॉट या गाड्यांवर स्टिंगर, रशियन हेलिकॉप्टरांवर इग्ला, रशियाच्याच एका गाडीवर स्ट्रेला-१०, आणि ब्रिटनच्या स्टॉर्मरवर स्टारस्ट्रीक. हीं सर्व अस्त्रें खरीं आहेत. स्टिंगर १९८१ सालीं अमेरिकन सैन्यांत दाखल झालें. त्याची जाडी ७० मिलिमीटर, तर इग्लाची ७२. वजनही दोहोंचें दहा-अकरा किलोंच्या घरांत. दिसण्यांत जणूं सख्खे भाऊच!

खरा भेद पाहण्यांत आहे. स्टिंगर व इग्ला विमानाच्या उष्णतेचा माग काढतात. एकदां सोडलीं कीं सोडणाऱ्यानें निर्धास्तपणें आडोशास जावें. परंतु विमानानें जळते गोळे टाकले तर त्यांच्या उष्णतेनें तीं भुलण्याचा संभव असतो. स्ट्रेला-१० ला उष्णतेबरोबरच दुसरीही दृष्टि आहे. उजळ आकाशावर विमानाची आकृति तिला वेगळी दिसते, व त्या दृष्टीस जळते गोळे भुलवीत नाहींत. मात्र विमान डोंगराच्या वा झाडीच्या पार्श्वभूमीवर आलें कीं ती निरुपयोगी होते. स्टारस्ट्रीकला भुलवावें असें कांहीं नाहींच. त्याच्या अग्रावरील तीन बाण लेसरच्या किरणांवरून ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगानें जातात. पण लक्ष्य गांठेपर्यंत माणसानें नेम ढळूं देतां कामा नये, आणि बाण प्रत्यक्ष लागला तरच उपयोग. हात कांपणाऱ्या खेळाडूस तें अस्त्र कुचकामी वाटतें, यांत नवल नाहीं.

पाहण्याच्या या गोष्टीचें मोल आपल्या देशास ठाऊक आहे. २८ मे १९९९ रोजीं कारगिलच्या युद्धांत तोलोलिंगजवळ वायुसेनेचें एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानें पडलें व त्यांतील चौघेही वीरगतीस गेले. त्या हेलिकॉप्टरावर जळते गोळे टाकण्याची सोय नव्हती.

मुलांचा वाद मात्र बहुधा ‘जी’वरून पेटतो. वळतांना बसणारा ताण गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, याचें हें माप. चपळ विमान वेगानें वळलें तर त्यास गांठूं पाहणाऱ्या क्षेपणास्त्राला त्याहून पुष्कळ अधिक ‘जी’ लागतात. खेळांत स्टिंगरला दिलेला आंकडा खऱ्याहून फारच कमी आहे, अशी खेळाडूंची तक्रार होती. कंपनीनें २०२३ सालीं त्यास सविस्तर उत्तर दिलें, आणि तें वाचण्याजोगें आहे. दोन्ही क्षेपणास्त्रें उडतांना स्वतःभोवतीं गिरक्या घेतात, व दिशा देणाऱ्या पंखांची एकच जोडी हलते. समजा, वर वळावयाचें आहे. जोडी आडवी असतां तिचा जोर वर लागतो. पाव गिरकीनंतर तोच जोर बाजूस लागतो, म्हणजे वायां जातो. अर्ध्या गिरकीस पंख उलट वळवून तो पुन्हां वर मिळवितात. म्हणून कमाल जोराचा आंकडा मोठा आणि गिरकीभराची सरासरी लहान. छापील पत्रकांत यांपैकीं कोणता आंकडा दिला आहे, हें पाहिल्यावांचून तुलना व्यर्थ होय.

आमच्या मतें येथवर कंपनीचें म्हणणें शास्त्रास धरून आहे. परंतु रचनेचें तत्त्व एक म्हणून दोहोंची शक्तिही सारखीच, हें अनुमान आम्हांस पटत नाहीं. पंखांचा आकार, वेग, गिरक्यांचें प्रमाण यांनीं सरासरी बदलते. दोन बैलगाड्यांस दोन-दोनच चाकें असतात, एवढ्यावरून त्या सारख्याच पळतील असें कोण म्हणेल?

पुराव्याची ही हौस कोठवर जाते, तेंही वडीलधाऱ्यांस ठाऊक असावें. जुलै २०२१ मध्यें ब्रिटनच्या चॅलेंजर-२ रणगाड्याची खेळांतील प्रतिकृति चुकीची आहे हें सिद्ध करण्यासाठीं, आपण स्वतः त्या रणगाड्यावर काम केल्याचें सांगणाऱ्या एका खेळाडूनें चर्चेंत त्याच्या माहितीपुस्तकाचीं पानें मांडलीं. तीं अद्याप गोपनीय असल्याचें ब्रिटिश संरक्षण खात्यानें कळविल्यावर कंपनीनें तीं काढून टाकलीं. त्याच वर्षीं फ्रान्सच्या लेक्लेर्क रणगाड्याविषयींही असाच प्रकार घडला. घरांत कोणी सैन्यांत वा संरक्षणाच्या कारखान्यांत नोकरीस असेल, तर त्याच्या टेबलावरील कागद व मुलांचा संगणक एका खोलींत नसावेत, हें बरें.