काठावरची भाजी आणि काठावरचे विष



काठ आपण नेहमी जमिनीवरून पाहतो. पावसाळा सरल्यावर तो एकदा पाण्यातून पाहावा. प्रवरासंगमला, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते, तिथवर जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा येतो. १९७६ साली या धरणाचे उद्घाटन झाले आणि नेवासे तालुक्याला हा नवा काठ मिळाला. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याला विचारून, माहितगार नावाड्याबरोबर, वारा नसताना सकाळी होडीने निघावे.

पहिल्यांदा दिसेल उंच पाणकणीस. त्याच्या तपकिरी कणसांच्या आडोशाला पाणपक्षी राहतात. तिथे होडी घुसवू नये. पुढे दोन वनस्पतींकडे नीट लक्ष द्या. दोघींची फुले कर्ण्यासारखी आणि दोघी एकाच कुळातल्या, पण गुण अगदी उलटे.

पहिली नाळीची भाजी. ही पाण्यावर पसरते, देठ पोकळ असल्याने तरंगते आणि पेरापेराला मुळे फोडते. पाने बाणाच्या टोकासारखी. कोवळे शेंडे भाजीला चांगले. मात्र सांडपाणी येते तिथली खुडू नये, आणि कच्ची तर मुळीच खाऊ नये. धुऊन, शिजवूनच खावी.

दुसरी बेशरम. ही मूळची अमेरिका खंडातली. झुडूप सरळ वाढते, माणसाच्या डोक्यावर जाते, फुले गुलाबी. उन्हाळ्यात पाणी हटले, चारा संपला, की भुकेली शेळी हिला तोंड लावते, आणि एकदा चटक लागली की सोडत नाही. आठवडे-महिने खात राहिली की वाळते, मान थरथरते, पाय लटपटतात, शेवटी बसून जाते. मज्जातंतूंना झालेली इजा बहुधा भरून येत नाही. म्हणून पहिली लक्षणे दिसताच तिला त्या काठापासून तोडा व पशुवैद्यकाला दाखवा.

आपल्या बांधावरची बेशरम मुळासकट उपटा. तोडलेले तुकडे पाण्यात टाकू नका; प्रत्येक तुकडा नव्या ठिकाणी रुजतो. ते उंच, कोरड्या जागी, शेळ्यांच्या वाटेपासून दूर वाळवा.

होडीतून परतताना बेशरमीची रांग कुठून कुठवर आहे ते ध्यानात ठेवा आणि शेळ्या राखणाऱ्या मुलांना ती जागा दाखवा. उन्हाळ्यात कळप तिकडे वळू देऊ नका.