काटा उतरला, पण आयुष्य वाढले काय?

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात बहुधा दोन छायाचित्रांची असते. एक आधीचे, दुसरे नंतरचे आणि मध्ये उतरलेल्या किलोंचा आकडा. यशाचा पुरावा एवढाच! परंतु व्याधी जडते ती देहाला, काट्याला नव्हे, याचा सोयीस्कर विसर पडतो.

वैद्यकातील रूढ मापदंडही फारसा वेगळा नाही. ‘अतिरिक्त’ वजनापैकी निम्मे उतरले की शस्त्रक्रिया यशस्वी! अतिरिक्त कशाच्या तुलनेत? ‘आदर्श’ वजनाच्या. आणि हा आदर्श दीर्घकाळ घेतला गेला तो मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी विमा कंपनीच्या कोष्टकांतून. दोन रुग्णांचे आदर्श वजन 60 किलो धरू. त्यांतील 160 किलोच्या रुग्णाचे 45 किलो उतरले, तरी तो अनुत्तीर्ण. 100 किलोच्या रुग्णाचे 20 किलो उतरले की तो उत्तीर्ण. पहिल्याने देहभाराचा 28 टक्के हिस्सा गमावला, दुसऱ्याने 20 टक्के. याला मापन म्हणावे की थट्टा?

खरे मापन कसे असते, हे स्वीडनने दाखविले. तेथे 1987 साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या 2,010 आणि न झालेल्या 2,037 स्थूल व्यक्तींची वर्षानुवर्षे तुलना केली गेली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात 101, तर दुसऱ्यात 129 मृत्यू झाले. शस्त्रक्रियेने आयुष्य लाभते, हे काट्याने नव्हे, या मोजदादीने सिद्ध केले. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही लपविली नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी मधुमेहींपैकी 72 टक्के रुग्ण व्याधीमुक्त होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण 30 टक्क्यांवर आले. पहिल्या दोन वर्षांतच यशाची गुढी उभारणाऱ्यांना हा उतार दिसणार कसा? अमेरिकेतील युटाह राज्याच्या 2007 च्या अभ्यासात तर शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यू घटले, पण अपघात, आत्महत्या अशा व्याधीबाह्य कारणांनी झालेले मृत्यू 58 टक्क्यांनी अधिक आढळले. मनाची ही वेदना कोणत्या काट्यावर तोलणार?

दोष शस्त्रक्रियेचा नाही. दोष आहे उथळ हिशेबाचा. दहा वर्षांनी रुग्ण जगतो कसा, मधुमेह आटोक्यात आहे काय, जीवनसत्त्वांची उणीव भासते काय आणि तपासणीस फिरकेनासे झालेल्यांचे काय झाले, याचा ताळेबंद प्रत्येक शल्यचिकित्सकाकडे मागितला पाहिजे. तो नसेल, तर त्या दोन छायाचित्रांना पुरावा नव्हे, जाहिरातच म्हणावे लागेल.