आधी खुराडं, मग कोंबडी

कोंबडी आधी की अंडं, हा वाद कट्ट्यावर नंतर घाला. आमच्या गंगाखेडकडे उत्तर सोपं आहे. आधी खुराडं.

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळायच्या म्हटलं की आपण काय करतो? यूट्यूबवर जाती बघतो. गिरिराज घ्यावी, वनराजा की कावेरी, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा. मग पिल्लं येतात, डालग्याखाली झाकली जातात आणि एका रात्रीत मुंगूस निम्मी संपवतं. आमच्या घरी हेच झालं. बारापैकी सात गेली. अंड्यांच्या पैशांतून माझी परीक्षा फी भरायची, असा आईचा हिशोब होता. ती काही बोलली नाही, त्यामुळे जास्त लागलं.

म्हणून सांगतो, पहिला खर्च जातीवर नको, घरावर करा. आणि घर म्हणजे विटा-पत्रे नव्हेत. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याची भट्टी होते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते, बस्स.

कमानीचं खुराडं करा. १० मिमीची सळई साधारण ४० फुटी येते. तिचे तीन तुकडे करा. दोन सळयांत सहा कमानी होतात. टोकं फूटभर जमिनीत, रुंदी सहा फूट, दोन कमानींत दोन फुटांचं अंतर. सहा बाय दहाची जागा झाली, मध्ये उंची चार फूट. वाकून आत जावं लागतं, जाऊ की. वीस कोंबड्या रात्री आरामात बसतात. पीव्हीसी पाइपही वाकतो, पण आपल्या उन्हात तो कडक होऊन तडकतो.

पैसे वाचवायचे तर छपरावर वाचवा. जुनी ताडपत्री, वर उसाचं पाचट, पश्चिमेला तुराट्यांचा कूड. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन कमी शिरतं. जाळीवर मात्र कंजुषी नको. दुकानदार षटकोनी कोंबडी जाळी पुढे करेल. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि तीच बाहेरच्या बाजूनं फूटभर आडवी पुरा. मुंगूस कडेलाच उकरतं, जाळी लागली की अडतं.

‘कोंबड्या काय, मोकळ्याच बऱ्या’ असं घरचे म्हणतील. त्यांना मुरुंबा आठवून द्या. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या या गावात बर्ड फ्लू निघाला. शेकडो कोंबड्या मेल्या, मग एक किलोमीटर परिसरातल्या उरलेल्याही माराव्या लागल्या. मोकळी कोंबडी रानपक्ष्यांच्या डबक्यातलं पाणी पिते. साथीची बातमी आली की तिला काही दिवस आत ठेवायला जागा हवी, वर छप्पर हवं. डालग्याखाली किती दिवस कोंडणार?

सळई वाकवायला दोघं लागतात, तेव्हा रविवारी गावी जाताना एक मित्र धरून न्या. आमच्या कमानी उभ्या राहिल्यात. आई म्हणते, येत्या बाजारातून पिल्लं आणू. मी म्हटलं, थांब गं, आधी दाराला कडी बसू दे.